उत्तर आलं नाही, म्हणजे नक्की काय झालं? – डेटा सेंटर बंद पडल्यावरही कारभार चालू कसा राहतो

(मेहरूण, जळगाव येथील व्याख्यानाचं शब्दांकन)



समोर बसलेल्यांपैकी निम्मे माझे जुने विद्यार्थी दिसताहेत, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच प्रश्न आहे, की सरांनी शंकराचार्य सोडून सर्व्हर कधीपासून धरला! (हशा) सांगतो.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. रात्रीचे साडेदहा झाले असतील. घरी सौभाग्यवतींना दम्याचा त्रास सुरू झाला आणि पंप संपलेला. मी स्कूटर काढली, मेडिकल गाठलं. औषध घेतलं आणि लक्षात आलं की पाकीट घरी राहिलं. म्हटलं, हरकत नाही, फोन आहे. फोनवरून पैसे पाठवले. ते चक्र फिरायला लागलं. फिरतंय, फिरतंय. तेवढ्यात माझ्या खात्यातून पैसे वजा झाल्याचा मेसेज आला. पण दुकानदाराच्या त्या बोलक्या डब्यातून काही आवाज येईना. तो म्हणाला, "सर, पुन्हा पाठवून बघा ना." आता मला सांगा, पुन्हा पाठवायचे का? पहिले पोचले असतील तर दोनदा जातील. पोचले नसतील तर दुकानदाराला फुकट औषध मागितल्यासारखं होईल. पेन्शन जमा व्हायला दोन दिवस होते, दुसऱ्यांदा पाठवण्याइतकी शिल्लकही नव्हती. घरी माणूस श्वासासाठी धडपडतंय आणि मी काउंटरवर उभा राहून एका चक्राकडे बघतोय. शेवटी दुकानदारच म्हणाला, "न्या सर, उद्या बघू." म्हणून त्या रात्रीचं निभावलं.

दुसऱ्या दिवशी बँकेकडून 'तांत्रिक अडचण' एवढंच कळलं. माझा एक विद्यार्थी नवी मुंबईत एका डेटा सेंटरमध्ये काम करतो. त्याला फोन लावला. म्हटलं, "तुम्ही लोक म्हणता की सगळ्याची दुसरी प्रत असते, एक ठिकाण गेलं तर दुसरं सांभाळतं. मग अडतं कुठे?" तो म्हणाला, "सर, त्या बँकेचं मला माहीत नाही. पण आमच्याकडे वेळ जातो तो दुसरं सुरू करण्यात नाही. पहिलं खरंच गेलंय का, हे ठरवण्यात जातो."

मी फोन ठेवला आणि बराच वेळ तसाच बसून राहिलो. कारण हा प्रश्न त्याचा नव्हता, माझा होता. नसणं कसं कळतं, हे मी तीस-पस्तीस वर्षं वर्गात शिकवलंय.

आधी साधी ओळख करून घेऊ, म्हणजे पुढे अडखळायला होणार नाही. सर्व्हर म्हणजे दुसऱ्यांच्या विनंत्यांना उत्तर देणारा संगणक. एकट्याला काम झेपत नाही आणि एकट्याचा भरवसाही नसतो, म्हणून अनेक सर्व्हर मिळून एकाच नावाने काम करतात. त्याला क्लस्टर म्हणतात. हे सर्व्हर ज्या इमारतीत ठेवतात ते डेटा सेंटर. तिथे वीज लागते, वीज गेली तर बॅटऱ्या आणि जनरेटर लागतात, थंडावा लागतो, आग विझवण्याची सोय लागते. आणि इतकं करूनही इमारत ती इमारतच. २१ जून २०१२ ला मुंबईत मंत्रालयाला आग लागली, वरचे मजले जळाले, फायलींचे गठ्ठे गेले. ज्या कागदाची दुसरी प्रत नव्हती तो कागद कायमचा गेला. एका इमारतीवर विसंबलं की काय होतं, हे महाराष्ट्राला कोणी शिकवायला नको.

म्हणून प्रती दोन ठिकाणी ठेवायच्या. इथपर्यंत आजीबाईच्या बटव्याचं शहाणपण आहे, त्यात विशेष काही नाही. खरी गंमत पुढे आहे. दुसरी प्रत ठेवली म्हणजे कारभार चालू राहतोच असं नाही. कधी कधी दुसऱ्या प्रतीमुळेच पहिली बंद पडते!

खोटं वाटतं? मुंबईतलंच उदाहरण घ्या. २४ फेब्रुवारी २०२१. नॅशनल स्टॉक एक्स्चेंज, आपण एनएसई म्हणतो ते, सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी बंद पडलं. देशातला सगळ्यात मोठा शेअर बाजार, भर दिवसा, चार तासांहून जास्त ठप्प. दुपारी पावणेचारला पुन्हा सुरू झाला आणि त्या दिवशी पाचपर्यंत चालवावा लागला. शेजारी बीएसई मात्र चालू होतं. ज्यांनी सकाळी एनएसईवर सौदे केले होते, ते मधेच लटकले.

आता तिथे तयारी काय होती ते बघा. मुख्य केंद्र मुंबईत, जवळच दुसरं केंद्र, आणि दूर चेन्नईला आपत्तीच्या वेळचं तिसरं. जवळचं केंद्र अशासाठी, की प्रत्येक नोंद त्याच क्षणी तिथेही उतरावी, एकही सौदा हरवू नये. दोन केंद्रांमधल्या लिंक एक नाही, अनेक, आणि त्याही दोन वेगवेगळ्या टेलिकॉम कंपन्यांच्या. कागदावर याहून काय जास्त करणार?

एनएसईने पुढे जे स्पष्टीकरण दिलं ते मुळातून वाचण्यासारखं आहे. दोन केंद्रांच्या मधल्या रस्त्यावर खोदकाम आणि बांधकाम चाललं होतं, त्याने लिंक डळमळल्या. लिंक तुटल्या तर मुख्य केंद्रातली साठवण यंत्रणा, म्हणजे जिथे माहिती लिहिली जाते ती स्टोरेज व्यवस्था, एकटीने काम चालू ठेवेल अशी रचना अपेक्षित होती. प्रत्यक्षात तीच थांबली. तिच्यावर अवलंबून असलेली जोखीम-नियंत्रणाची यंत्रणा थांबली. आणि सौद्याची जोखीम मोजता येत नसेल तर बाजार चालू ठेवता येत नाही. म्हणून बाजार थांबला.

नीट बघा हं. मुख्य केंद्राला आग लागली नव्हती, वीज गेली नव्हती. दोन केंद्रं धडधाकट होती. मेलं काहीच नव्हतं. मधला संवाद तुटला होता, आणि संवाद तुटल्यावर कोणी काय समजायचं याचं यंत्राला शिकवलेलं उत्तर चुकलं होतं.

इथे मला माझ्या दुकानात शिरू द्या. आपल्या खान्देशात, अमळनेरला, प्रताप शेठजींनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं. तेव्हा हा विषय इथे परका नाही. मीमांसक कुमारिल भट्ट, सातव्या शतकातले. त्यांनी ज्ञानाची जी साधनं मानली त्यांत सहावं साधन आहे अनुपलब्धी. पुढे अद्वैत वेदान्त्यांनीही ते घेतलं. प्रश्न असा: जमिनीवर घडा नाही, हे मला कशाने कळतं? घडा असता तर डोळ्यांनी दिसला असता. 'नसलेला घडा' डोळ्यांना कसा दिसेल? तर त्यांचं म्हणणं, न दिसणं हेच इथे ज्ञानाचं साधन आहे. नैयायिकांना हे मान्य नाही, ते म्हणतात वेगळं साधन कशाला, प्रत्यक्षातच ते बसतं. तो वाद मोठा आहे, त्यात आज शिरत नाही.

पण या मंडळींनी एक अट घातली, आणि ती अट म्हणजे आजच्या व्याख्यानाचा गाभा आहे. नुसती अनुपलब्धी चालत नाही, योग्य अनुपलब्धी लागते. घडा असता तर नक्की दिसला असता, अशी परिस्थिती हवी. खोलीत उजेड हवा, डोळे शाबूत हवेत, मध्ये पडदा नको. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, यावरून घडा नाही असं म्हणता येत नाही.

आता सर्व्हर एकमेकांची खबर कशी ठेवतात? दर सेकंदाला, दोन सेकंदांनी, एक जण दुसऱ्याला छोटा निरोप पाठवतो: "मी आहे." याला हार्टबीट म्हणतात, हृदयाचा ठोका. ठोके यायचे थांबले की समोरचा गेला असं धरायचं. पण मंडळी, ही अंधाऱ्या खोलीतली अनुपलब्धी आहे! ठोका आला नाही याची कारणं किती असू शकतात बघा. समोरचा मेला असेल. समोरचा जिवंत आहे, पण कामात बुडालाय. समोरच्याने ठोका पाठवला, वाटेत जेसीबीने केबल तोडली. किंवा त्याचा ठोका येतोय, माझेच कान गेलेत. या चारही परिस्थितींत माझ्याकडे जे पोचतं ते अगदी सारखं असतं, म्हणजे काहीच पोचत नाही.

मग थांबायचं किती? पाच सेकंद थांबलं तर जिवंताला मेलेला ठरवण्याची भीती. पाच मिनिटं थांबलं तर तोवर माझ्यासारखे हजारो म्हातारे काउंटरवर उभे. १९८५ साली फिशर, लिंच आणि पॅटरसन या तिघांनी गणिताने दाखवून दिलं, की निरोपाला किती वेळ लागेल यावर काहीच मर्यादा नसेल आणि एक जरी यंत्र बंद पडू शकत असेल, तर सगळ्यांचं एकमत कधी ना कधी होईलच अशी हमी देणारी ठरीव रीत असूच शकत नाही. हुशारी कमी पडते म्हणून नाही. तशी रीत अशक्यच आहे म्हणून. अभियंते यातून वाट काढतात ती अशी: चुकीचा निर्णय कधीही होऊ द्यायचा नाही, भले निर्णयाला उशीर होवो. आणि नेटवर्क ताळ्यावर असेल तेव्हा निर्णय पटकन व्हावा, एवढी सोय करायची.

चुकीच्या निर्णयाला इतकं का घाबरायचं? याचं उत्तर मराठी माणसाला पानिपतानंतर मिळालंय. १४ जानेवारी १७६१. सदाशिवरावभाऊ रणात दिसेनासे झाले. गेले, की निसटले? खात्रीची खबर नाही. पार्वतीबाईंनी तर शेवटपर्यंत स्वतःला विधवा मानलं नाही. आणि या अनिश्चिततेच्या फटीतून काय शिरलं? तोतया! मीच भाऊ म्हणणारा माणूस उभा राहिला. रत्नागिरीच्या कैदेतून १७७६ साली सुटला, कोकणातले किल्ले त्याला मिळत गेले, माणसं त्याच्या झेंड्याखाली जमली. म्हणजे पुण्याहून एक हुकूम निघतोय आणि कोकणातून भाऊसाहेबांच्या नावाने दुसरा. किल्लेदाराने कोणाचं ऐकायचं? त्याच वर्षी तोतयाला पकडून देहान्त शिक्षा झाली, पण तोवर व्हायचा तो घोळ झाला.

क्लस्टरमध्ये नेमकं हेच होतं. मुंबईतला सर्व्हर प्रमुख आहे. लिंक तुटली. दुसऱ्या केंद्राला वाटलं मुंबई गेली, त्याने स्वतःला प्रमुख घोषित केलं. मुंबई तर जिवंतच आहे, तीही हुकूम देतेय. तुमच्या खात्यात दहा हजार आहेत. एका बाजूने ते काढले गेले, दुसऱ्या बाजूनेही काढले गेले. लिंक जोडली गेल्यावर दोन वह्या समोरासमोर येतात आणि दोन्ही आपापल्या परीने खऱ्या! इंग्रजीत याला दुभंगलेला मेंदू अशा अर्थाचं नाव आहे. मी वर्गात शिकवत असतो तर तोतयाच म्हटलं असतं. फरक एवढाच, की इथे कोणीही लबाड नसतो. दोघंही प्रामाणिक असतात, म्हणून प्रकरण जास्त अवघड.

यावरचा उपाय मात्र आपल्या सोसायटीच्या मीटिंगमधला आहे. गणपूर्ती! एकूण सभासदांच्या निम्म्याहून जास्त हजर असल्याशिवाय ठराव करायचा नाही. समजा पाच सर्व्हर आहेत. निर्णयाला तीन लागतात. मध्ये भिंत पडली आणि तीन-दोन असे गट झाले, तर तिघांकडे बहुमत आहे, ते काम चालू ठेवतील. दोघांना बाहेर काय चाललंय ते कळत नाही, कळायची गरजही नाही. त्यांना एवढंच कळतं की आपण तीन भरत नाही, म्हणून ते गप्प बसतात. एकाच वेळी दोन्हीकडे तीन-तीन भरणं पाचात शक्यच नाही.

यातलं सौंदर्य लक्षात आलं का? समोरचा मेला की जिवंत, हा न सुटणारा प्रश्न त्यांनी सोडवलेलाच नाही. बाजूला ठेवला. 'तो आहे का' याऐवजी 'आपण पुरेसे आहोत का' असं विचारलं. पहिल्या प्रश्नाला अंधाऱ्या खोलीत उत्तर नाही. दुसऱ्याला आहे, कारण आपल्यासोबत कोण आहे हे मोजता येतं.

आणखी एक बारकी गोष्ट. कोणतेही दोन बहुमताचे गट घ्या, त्यांच्यात निदान एक सभासद सामाईक निघतोच. आधीच्या तिघांनी जो ठराव केला, तो नव्या तिघांपैकी एकाला तरी ठाऊक असतो. म्हणून जुना ठराव हरवत नाही. लेस्ली लॅम्पोर्ट नावाच्या संगणकशास्त्रज्ञाने हे एका ग्रीक बेटावरच्या काल्पनिक अर्धवेळ संसदेची कथा रचून मांडलं. सभासद सभागृहातून ये-जा करतात, निरोप्ये भरवशाचे नाहीत, तरी कायद्यांच्या वह्या एकमेकांशी जुळतात. बेटाचं नाव पॅक्सॉस, म्हणून त्या रीतीलाही तेच नाव. लोकांना ती कथा विनोद वाटली, निबंध छापून यायला १९९८ उजाडलं. पुढे २०१४ मध्ये ऑन्गारो आणि ऑस्टरहाउट यांनी समजायला सोपी अशी राफ्ट नावाची रीत दिली. आज जगभरातली क्लस्टरं या दोन रीतींवर किंवा त्यांच्या भाऊबंदांवर चालतात.

आणि जुन्या प्रमुखाचं काय? तो बहुमतापासून तुटलाय, पण त्याचे आधी पाठवलेले हुकूम वाटेत असतील की! म्हणून प्रत्येक निवडणुकीला चढता क्रमांक देतात. नवा प्रमुख सातव्या कारकीर्दीचा असेल तर सहावा क्रमांक लावून आलेला हुकूम कोणी घेत नाही. एकेरी रेल्वेमार्गावर पूर्वी गाडीच्या ड्रायव्हरला टोकन दिलेलं तुम्ही पाहिलं असेल. ते टोकन पुढच्या स्टेशनच्या यंत्रात पडल्याशिवाय दुसरं बाहेर निघत नाही, म्हणून एका वेळी एकच गाडी त्या मार्गावर. सर्व्हरमध्ये टोकन परत यायची खात्री नसते, एवढीच पंचाईत. म्हणून टोकनावर मुदत घालतात. मुदत संपेपर्यंत नवा प्रमुखही हात बांधून बसतो. तुमच्या फोनवर जे चक्र फिरतं, त्यातली काही सेकंदं या शिस्तीची असतात.

आता डेटा सेंटरकडे परत या. पाच सर्व्हर दोन इमारतींत कसे वाटाल? तीन इकडे, दोन तिकडे. दोनवाली इमारत गेली, ठीक. तीनवाली गेली? उरलेले दोघं बहुमत जमवू शकत नाहीत. दोन्ही जिवंत, दोन्हीकडे सगळी माहिती, आणि तरी गप्प! कसंही वाटा, दोन इमारतींमध्ये हे कोडं सुटत नाही. दोन जणांचं भांडण तिसऱ्या पंचाशिवाय मिटत नाही म्हणतात ना, अगदी तसं. दोन, दोन आणि एक असे तीन इमारतींत वाटा, मग कोणतीही एक इमारत जाऊ द्या, तीन उरतातच. तिसऱ्या इमारतीत मोठी यंत्रसामग्री लागत नाही, मत देणारा एक छोटा साक्षीदार पुरतो. फक्त त्याची वाट वेगळी हवी, तीच केबल, तोच रस्ता नको. ॲमेझॉनने मुंबईत आपली क्लाउड सेवा २०१६ मध्ये सुरू केली ती दोन स्वतंत्र विभागांनिशी, आणि २०१९ मध्ये तिसरा जोडला. माझ्या लेखी तो तिसरा नुसती वाढ नव्हता.

मग सगळेच तीन का करत नाहीत? पैसा हे एक कारण. दुसरं कारण अंतर. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते चेन्नई सरळ रेषेत हजारेक किलोमीटर. म्हणजे जायला पाच मिलिसेकंद, यायला पाच, आणि केबल काही सरळ रेषेत जात नाही. आपल्याला हे काहीच वाटत नाही, पण शेअर बाजारात मिलिसेकंदाच्या हजाराव्या भागाचा हिशोब असतो. प्रत्येक सौद्याला "चेन्नईत उतरलं का" म्हणून थांबलं तर बाजार रांगायला लागेल. म्हणून जवळच्या केंद्राशी हातोहात नोंद आणि दूरच्या केंद्राला मागाहून. आणि मागाहून म्हणजे काय? मुख्य केंद्र अचानक गेलं तर शेवटच्या काही क्षणांच्या नोंदी दूर पोचलेल्या नसतात.

याची किंमत किती असते ते गिटहबने दाखवलं. जगभरचे प्रोग्रामर आपलं काम जिथे ठेवतात ती कंपनी. २१ ऑक्टोबर २०१८ ला अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर एक बिघडलेलं उपकरण बदलताना त्यांच्या मुख्य डेटा सेंटरचा संपर्क ४३ सेकंद तुटला. फक्त ४३ सेकंद! तेवढ्यात बाकीच्यांनी गणपूर्ती करून पश्चिम किनाऱ्यावर नवा प्रमुख नेमला. रीतीप्रमाणे सगळं बरोबर. पण पूर्वेकडे शेवटच्या काही सेकंदांत झालेल्या नोंदी पश्चिमेला पोचल्याच नव्हत्या, आणि आता पश्चिमेला नव्या नोंदी सुरू झाल्या होत्या. त्यांच्या एका गजबजलेल्या क्लस्टरमध्ये अशा अडकलेल्या नोंदी होत्या ९५४. त्या न गमावता दोन वह्या जुळवायला सेवा एकूण २४ तास ११ मिनिटं विस्कळीत राहिली. त्यांनी ठरवलं, सेवा रखडली तरी चालेल, लोकांचं काम हरवता कामा नये. मला हा निर्णय पटतो.

हा निवडीचा प्रश्न एरिक ब्रूअरने २००० साली मांडला आणि २००२ मध्ये गिल्बर्ट आणि लिंच यांनी तो सिद्ध केला: संपर्क तुटलेला असताना एक तर सगळीकडे एकच उत्तर मिळेल याची खात्री ठेवा, नाही तर प्रत्येकाला उत्तर मिळेल याची. दोन्ही मिळणार नाही. मग निवडायचं कसं? काय हरवतंय त्यावरून. मेहरूणच्या बोरांचा फोटो कोणी टाकला, त्याला एकाला आठ लाइक दिसले आणि दुसऱ्याला नऊ, काय बिघडलं? उत्तर देत राहा, आकडे उद्या जुळतील. पण खात्यातली शिल्लक एकाला आठ हजार आणि दुसऱ्याला नऊ हजार दिसून चालेल का? तिथे "थांबा" म्हणणं हेच प्रामाणिक उत्तर. त्या रात्री मला यंत्राचा राग आला होता. आज वाटतं, ते खोटं तरी बोललं नाही.

अर्थात सगळ्याच बंदला हे तत्त्वज्ञानाचं पांघरूण घालू नये. कित्येकदा निव्वळ हयगय असते. नोव्हेंबर २०२० मध्ये एचडीएफसी बँकेच्या मुख्य डेटा सेंटरची वीज गेली आणि इंटरनेट बँकिंग कोलमडलं. त्याआधीच्या दोन वर्षांतल्या अशाच घटना धरून रिझर्व्ह बँकेने त्यांना नव्या डिजिटल योजना आणि नवी क्रेडिट कार्डं देणं तात्पुरतं थांबवायला सांगितलं. वीज जाणं हे काही गूढ नाही, जळगावकराला तर नाहीच. दक्षिण कोरियात १५ ऑक्टोबर २०२२ ला एका डेटा सेंटरला आग लागली आणि काकाओ कंपनीच्या सेवा कोसळल्या. तिथे देशभर लोक निरोपापासून टॅक्सीपर्यंत सगळं त्याच कंपनीवरून करतात. माहितीच्या प्रती इतरत्र होत्या. पण कारभार हलवायला जी साधनं लागतात त्यांची प्रत नव्हती, तीही त्याच इमारतीत! घराच्या दुसऱ्या किल्ल्या घरातच ठेवून कुलूप लावण्याचा प्रकार. सगळं पूर्ववत व्हायला पाच दिवस गेले.

आणि एक साधी बेरीज लोक विसरतात. तीन केंद्रं प्रत्येकी ६० टक्के भाराने चालली आहेत. एक गेलं, तर त्याचे ६० उरलेल्या दोघांवर ३०-३० येतात, दोघं ९० वर. निभतं. पण काटकसर म्हणून प्रत्येक ७० ला नेलं असेल, तर दोघं १०५ वर जातात, म्हणजे तीही झोपतात. त्यात आपण सगळे बोटं आपटून पुन्हा पुन्हा बटण दाबतो, तो भार वेगळाच. मोकळी ठेवलेली जागा वाया गेलेली दिसते, आणि हिशेबनीस तिच्यावरच डोळा ठेवून असतो.

एनएसईच्या प्रकरणानंतर सेबीने पहिला प्रश्न विचारला तो हा, की चेन्नईच्या केंद्रावर कारभार का हलवला नाही? मला तो प्रश्न रास्त वाटतो, पण त्या खोलीत बसलेल्या माणसांची अवस्थाही मी समजू शकतो. हलवलं आणि दोन वह्या झाल्या तर? आणखी दहा मिनिटांत लिंक आली तर? 'बघू थोडं' म्हणता म्हणता तास जातो. मार्च २०२१ मध्ये सेबीने नियमच घातला: महत्त्वाची यंत्रणा बंद पडली तर ३० मिनिटांच्या आत आपत्ती जाहीर करा आणि जाहीर केल्यापासून ४५ मिनिटांत कारभार पूर्ववत करा, गरज पडल्यास दुसऱ्या केंद्रावरून. म्हणजे सत्य काय ते कळेपर्यंत थांबायचं नाही, घड्याळाकडे बघून ठरवायचं. तत्त्वज्ञानाच्या माणसाला हे सुरुवातीला बोचतं. पण न्यायालयातही सात वर्षं खबर नसलेल्या माणसाला मृत धरण्याची सोय आहेच. तिथेही माणूस मेल्याचं कोणी पाहिलेलं नसतं.

नियमाचा दुसरा भाग मला जास्त आवडला. दुसऱ्या केंद्रावरून खराखुरा बाजार चालवून दाखवायचा, नुसती रंगीत तालीम नाही. २ मार्च २०२४ ला, शनिवार असूनही, बाजार उघडला होता, आठवतं का? सकाळी थोडा वेळ मुख्य केंद्रावरून आणि मग दुसऱ्या टप्प्यात आपत्ती केंद्रावरून. १८ मे ला पुन्हा तसंच. वर्षानुवर्षं न चालवलेला जनरेटर ऐन वेळी सुरू होत नाही, हे आपल्याला लग्नाच्या मांडवात कळतं. त्यांनी तो दिवसाउजेडी, माणसं समोर बसलेली असताना चालवून पाहिला.

बोला, कोणाचे काही प्रश्न असतील तर.

(श्रोत्यांमधून: सर, मग आमच्यासारख्याने अशा वेळी काय करायचं? पुन्हा पाठवायचे की नाही?)

लगेच पाठवू नका. आधी खात्याचं विवरण बघा, व्यवहार 'प्रलंबित' दाखवत असेल तर तो अजून ठरायचा आहे, तुमचे पैसे आकाशात नाहीत. प्रत्येक व्यवहाराला स्वतःचा क्रमांक असतो. बँकेचं यंत्र तोच व्यवहार त्याच क्रमांकाने पुन्हा पाठवतं तेव्हा समोरची बाजू ओळखते, की हा जुनाच, नवा नाही. तुम्ही पुन्हा बटण दाबता तेव्हा मात्र नवा क्रमांक तयार होतो आणि तो खरोखरच दुसरा व्यवहार असतो. रिझर्व्ह बँकेचं सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक आहे. यूपीआयने दुकानदाराला दिलेले पैसे तुमच्या खात्यातून गेले पण त्याला पोचले नाहीत, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत आले पाहिजेत. व्यक्तीकडून व्यक्तीला पाठवले असतील तर एका दिवसात. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला शंभर रुपये भरपाई, आणि तीही तुम्ही न मागता. क्रमांक तेवढा लिहून ठेवा.

(श्रोत्यांमधून: आणि तुमचे पैसे?)

तिसऱ्या दिवशी परत आले. दुकानदाराचे मी दुसऱ्या दिवशी सकाळीच रोख नेऊन दिले होते. तेव्हापासून स्कूटरच्या डिकीत पाचशेची एक नोट ठेवलेली असते, आणि पंप दोन आणतो. एक घरात, एक शेजारच्या वहिनींकडे.